सुईच्या टोकाएवढं छिद्र

रोवणी आटोपत आली होती. दिघोरीहून लाखांदूरला परत येत होतो. दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेल्या बांध्या, वर ढगाळ आभाळ आणि अंगाखालची दुचाकी एकाएकी जड झालेली. ॲक्सिलरेटर पिळला तरी गाडी पळेना. मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळानं जळका वास आला. उतरून पाहिलं तर पुढचं चाक आवळलेलं, ढकलूनही गाडी हलत नव्हती. पावसाचे चार थेंब पुढच्या डिस्कवर पडले आणि चुर्र करून उडून गेले. लिव्हरला तर माझा हातही लागलेला नव्हता.

निंबाखाली पंधरा मिनिटं थांबलो. मग सहज गाडी ढकलून पाहिली, तर चाक मोकळं! काहीच घडलं नसल्यासारखी गाडी चालू लागली. तीन-चार किलोमीटर गेलो आणि पुन्हा तोच प्रकार. तापलं की आवळतं, निवलं की सुटतं. असं का होत असावं, याचा विचार करत थांबत-थांबत गावात पोचलो आणि वडसा रस्त्यावरच्या ओळखीच्या मिस्त्रींपुढे गाडी उभी केली.

त्यांनी लिव्हर पाच-सात वेळा दाबली, चाकाला हात लावला आणि म्हणाले, "दाबून तर राहिला जी, सोडून नाही राहिला."

तोवर मी ब्रेक म्हणजे 'दाबणं' एवढंच समजत होतो. ब्रेक लागत नाही ही तक्रार सगळ्यांना ठाऊक असते. ब्रेक सुटत नाही हेही एक दुखणं आहे आणि त्याचं मूळ चाकापासून लांब, हँडलवर असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. मिस्त्रींनी चाक खोललंच नाही. हँडलवरच्या त्या छोट्या डबीतून जिथे रबरी नळी निघते, तिथला पोकळ बोल्ट त्यांनी फडका धरून जरासा ढिला केला. काळपट द्रवाचा एक फवारा फडक्यात उडाला आणि त्याच क्षणी चाक सुटलं. निदान झालं. बोल्ट वर ढिला केल्यावर चाक मोकळं होतं, म्हणजे खालचा, डिस्कला पॅड आवळणारा कॅलिपर आणि मधली नळी ठीक आहेत. द्रव अडतोय तो डबीतच. वर ढिलं करूनही चाक सुटलं नसतं आणि कॅलिपरचा हवा काढायचा निपल उघडल्यावर सुटलं असतं, तर दोष नळीचा. निपल उघडूनही सुटलं नसतं, तर पिस्टन कॅलिपरमध्येच अडकलेला. एका पान्यात तीन शक्यतांचा निकाल. वैद्यानं नाडी धरावी तसं होतं ते.

ही डबी म्हणजे मास्टर सिलेंडर. गॅरेजमध्ये नुसतं 'मास्टर' म्हणतात. उजव्या मुठीजवळ, पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला चिकटून असते. वर ऑइलची टाकी, खाली अंगठ्याएवढ्या जाडीची आडवी नळी आणि बाजूला एक गोल काचेचा डोळा. रोज आपण ती हाताखाली बाळगतो आणि वर्षानुवर्षं तिच्याकडे बघत नाही. गुलमर्गला बर्फावरच्या स्नो-स्कूटरवर जे बसून आले असतील, त्यांनी तिच्या हँडलवरही हीच डबी पाहिली असेल. तिथे ती डाव्या हाताला असते, कारण उजव्या अंगठ्यानं ॲक्सिलरेटर दाबायचा असतो. त्या गाडीला पुढे चाकं नसतात, स्की असतात. मागचा पट्टा फिरवणाऱ्या दांड्यावर एक डिस्क आणि तिला आवळणारा बहुधा हा एकच ब्रेक. म्हणून बर्फाच्या देशांतही या डबीची काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे बर्फ नाही. चिखल आहे, दमट हवा आहे आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणारं ऊन आहे. डबीच्या आतली करामत मात्र दोन्हीकडे तीच.

आधी तिची ताकद पाहू. आपण दोन बोटांनी लिव्हर ओढतो, समजा दहा किलोचा जोर लावतो. लिव्हर ही तरफ आहे, तिच्यामुळे आतल्या पिस्टनवर तो जोर साधारण सहापट होतो, म्हणजे साठ किलो. पिस्टनचा व्यास धरू १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. त्याचं क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. साठ किलोचा भार एवढ्याशा जागेवर पडला की द्रवात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४७ किलो दाब तयार होतो. पंक्चरवाल्याच्या भाषेत सांगायचं तर सहाशे सत्तर पौंडांच्या घरात. आपण टायरमध्ये हवा भरतो तीस पौंडांच्या आसपास! आता हा दाब बोटाएवढ्या नळीतून खाली कॅलिपरमध्ये जातो. तिथे २७ मिलिमीटरचे दोन पिस्टन असतील तर त्यांचं एकूण क्षेत्रफळ साडेअकरा चौरस सेंटिमीटर. म्हणजे पॅडवर पडणारा जोर पाचशे किलोंच्या वर. भाताचे पाच क्विंटल दोन बोटांत आले.

ही ताकद फुकटची नाही. वरचा पिस्टन एक मिलिमीटर सरकला तर खालचे पिस्टन मिलिमीटरचा नववा हिस्साच सरकतात. जोर नऊपट मिळतो, सरकणं नऊपट कमी होतं. हिशेब चोख. बंद द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेज पास्कालनं सतराव्या शतकात मांडलं. १६२३ मध्ये जन्मलेला हा माणूस १६६२ मध्ये, चाळिशीही न गाठता गेला. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ छापून आला तो त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये. लाखांदूरच्या चौकात कुणी बैल आडवा आला म्हणून बोटं आवळतो, तेव्हा तोच नियम कामाला लागतो.

मिस्त्रींनी डबीच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले. त्याआधी पेट्रोलच्या टाकीवर आणि हेडलाइटवर ओला फडका पसरला, कारण हे ऑइल रंगावर सांडलं की रंग सोलून निघतो. झाकणाखाली एक काळं, घडीघडीचं रबर निघालं, हार्मोनियमच्या भात्यासारखं. मला वाटलं गळती थांबवायचा वॉशर असेल. त्याचं काम त्याहून सुंदर आहे. पॅड झिजत जातात तसे कॅलिपरचे पिस्टन पुढे येतात, त्यांच्यामागे जादा द्रव उतरतो आणि वरची पातळी खाली जाते. पातळी उतरली की वर रिकामी जागा होणार आणि तिथे दमट हवा शिरणार. हे रबर आपल्या घड्या उलगडत पातळीबरोबर खाली उतरतं, द्रवाला हवा शिवू देत नाही. म्हणूनच काचेतली पातळी थोडी उतरलेली दिसली की लगेच ऑइल ओतू नये. गळती नसेल तर आधी पॅड तपासावेत, ते झिजल्याची ती खूण असते.

रबराखालचा द्रव कोऱ्या चहाच्या काढ्यासारखा दिसत होता आणि तळाशी पांढुरका, पिठूळ साका. नवा असताना तो जवळजवळ रंगहीन, फिका पिवळा असतो. माझ्या गाडीत तो सहा वर्षं बदललेला नव्हता. दोन वर्षांनी बदलायचा असतो, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. मी ते वाचलेलं नव्हतं.

इथे एका शब्दाबद्दल बोलणं मला फार गरजेचं वाटतं. आपण सगळे याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो. ते तेल नाही. आपल्या गाड्यांत असतो तो ग्लायकॉल जातीचा द्रव. तो पाण्यात विरघळतो, म्हणून हातावर सांडला तर साध्या पाण्यानं निघून जातो. इंजिनचं तेल असं कधी निघेल का? या नावामुळे घात होतो. ऑइल कमी दिसलं, घरात इंजिन ऑइलचा डबा आहे, ओतलं थोडं, असं करणारे लोक आहेत. ब्रेकमधली रबरं ग्लायकॉल सोसतील अशी बनवलेली असतात. खनिज तेल लागलं की ती फुगतात, मऊ पडतात, त्यांची धार जाते आणि मास्टरपासून कॅलिपरपर्यंत सगळी रबरं फेकावी लागतात. डबीच्या झाकणावरच डॉट ३ किंवा डॉट ४ असं कोरलेलं असतं, तोच द्रव घालायचा आणि सीलबंद बाटलीतून घालायचा.

सीलबंद का, तर हा द्रव हवेतलं पाणी पितो. पावसाळ्यात उघड्या बरणीतलं मीठ जसं ओलावतं तसं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू मानकाप्रमाणे किमान २३० अंश सेल्सिअस. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की त्याची खालची हद्द १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. मला आधी वाटलं, पाणी पिणारा द्रव मुद्दाम कशाला वापरायचा? डबीच्या तळाचा तो पांढरा साका बघताना उत्तर सुचलं. पाणी आत येणारच, रबरी नळीच्या अंगातूनसुद्धा ते वर्षानुवर्षं झिरपतं. द्रवानं ते स्वतःत सामावून घेतलं नाही तर पाण्याचे थेंब सुटे राहतील, जड म्हणून सगळ्यात खाली, कॅलिपरमध्ये जाऊन बसतील. तिथेच तर सगळ्यात जास्त उष्णता असते. मग शंभर अंशांनाच वाफ होणार, धातू गंजणार आणि बर्फाच्या देशात तर तो थेंब गोठून वाट अडवणार. ग्लायकॉल पाणी पिऊन स्वतः हळूहळू कमजोर होतं, पण पाण्याला एका जागी जमू देत नाही. डॉट ४ चं मानक तर असंही सांगतं की उणे ४० अंशांलाही हा द्रव ठरावीक हद्दीपलीकडे घट्ट होता कामा नये. लाखांदूरच्या मे महिन्याला आणि गुलमर्गच्या जानेवारीला एकच बाटली चालते ती यामुळे.

आणि उष्णता किती, तेही सांगतो. गाडी आणि स्वार मिळून दोनशे किलो वजन ताशी साठच्या वेगात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे २८ हजार ज्यूल. ब्रेक मारला की ती सगळी उष्णता होते. एवढ्यात साध्या तापमानाचं शंभरेक मिलिलिटर पाणी उकळीला येईल, म्हणजे एक कप चहाचं. दर वेळी पूर्ण थांबताना आपण बहुतांशी पुढच्या डिस्कवर चहाचं एक आधण ठेवतो.

आता डबीचं पोट. लिव्हर काढली, धुळीचं रबरी टोपण ओढलं. आत काठाला एक बारीक पोलादी लॉक बसलेलं असतं, त्याला सर्कलिप म्हणतात. लांब नाकाच्या पक्कडीनं ते दाबून काढताना मिस्त्रींनी अंगठा तोंडावर धरून ठेवला, कारण मागे स्प्रिंग दबा धरून असते. बेसावध राहिलं की पिस्टन अंगणात जातो. मग एकेक वस्तू निघाली आणि निघाली त्याच क्रमानं स्टीलच्या थाळीत मांडली गेली: लॉक, वॉशर, पिस्टन, त्याच्यावरची दोन रबरं, स्प्रिंग. बस. पाचशे किलोंचा जोर या पाच-सहा चिमुकल्या वस्तूंतून येतो, यावर माझा विश्वास बसेना.

पुढच्या रबराला कप म्हणतात आणि ते खरोखर वाटीसारखं असतं, तोंड पुढे, द्रवाकडे. मिस्त्रींनी जुना कप आणि दुरुस्तीच्या किटमधला नवा शेजारीशेजारी धरले. नव्याची ओठासारखी कड पातळ आणि बाहेर झुकलेली. जुन्याची कड गोल झालेली, एका जागी नखानं ओरबाडल्यासारखी. त्या पातळ कडेतच सगळी हुशारी आहे. पिस्टन पुढे गेला की द्रव त्या कडेला आतून फाकवतो आणि नळीच्या भिंतीवर दाबतो. दाब जितका जास्त, तितकी कड भिंतीला घट्ट चिकटते. गळती करू पाहणारा दाबच गळती थांबवतो. पिस्टन झटकन मागे आला की उलट होतं. समोर पोकळी होते, कड आत झुकते आणि मागचा द्रव तिच्या अंगावरून पुढे सरकून ती पोकळी भरतो. जाताना दार बंद, येताना उघडं. एकच रबर, ना बिजागरी, ना वेगळा व्हॉल्व्ह.

हे आपल्याला नवं वाटायचं कारण नाही. गावातला हातपंप उघडताना ज्यानं पाहिला असेल त्याला ही वाटी ओळखू येईल. इंडिया मार्क टू नावाचा तो पंप १९७० च्या दशकात तयार झाला आणि युनिसेफच्या मदतीनं देशभर गेला, पण त्याची वंशावळ आपल्या मातीतली आहे. आधी जालना पंप, मग सोलापूर पंप आणि त्यांच्या अनुभवातून मार्क टू. जमिनीखालच्या त्याच्या सिलेंडरला आतून पितळेचं अस्तर असतं आणि दट्ट्यावर मुळात चामड्याच्या वाट्या असत. दांडा वर उचलला जाताना पाण्याच्या भारानं वाटी फाकते, पितळेला चिकटते आणि पाणी वर येतं. पंप सुकला, धार बारीक झाली की गावातले लोक 'वॉशर गेला' म्हणतात, तो वॉशर म्हणजे ही वाटी. आपल्या भंडारा जिल्ह्याला पितळेचं कौतुक वेगळं सांगायला नको. आपली भांडी घडवणारा तोच धातू खोल बोअरमध्ये वाटीच्या ओठाला गुळगुळीत भिंत पुरवतो.

जगाच्या पाठीवरही या ओठाची गोष्ट अशीच चामड्यापासून सुरू होते. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामानं १७९५ मध्ये पास्कालच्या नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. यंत्र जोरदार होतं, पण दट्ट्याच्या बाजूनं पाणी गळायचं. आवळून बसवावं तर दट्ट्या हलेना, ढिलं सोडावं तर गळती. चामड्याची अशी वाटी, जी दाब आला की आपोआप घट्ट होते आणि दाब गेला की सैल, या युक्तीचं श्रेय सहसा त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या कारागिराला देतात. पुढे अमेरिकेत माल्कम लॉकहीडनं १९१७ मध्ये मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं. विमानांमुळे गाजलेलं लॉकहीड नाव ते याच घराण्याचं. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांना असे ब्रेक होते. पण चामड्याच्या वाट्या गळत राहिल्या, त्या जागी रबर आलं तेव्हा हा ब्रेक भरवशाचा झाला. मोटारसायकलवर तो सर्रास दिसू लागला १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून. आपल्याकडे १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझेड पुढच्या डिस्कसह आली, तेव्हा तरुण पोरं ती चकचकीत चकती बघायला गाडीभोवती गोळा होत.

मिस्त्रींनी डबीची आतली नळी फडक्यानं पुसली, मोबाइलचा उजेड आत टाकला आणि मला म्हणाले, "पाहा जी, याच्यावर नवा किट टाकायचा का नाही, ते हे ठरवते."

आत आरशासारखी भिंत होती. तोंडाजवळ थोडा पांढरा डाग, तो ताज्या ब्रेक ऑइलात भिजवलेल्या फडक्यानं निघाला. त्यांनी करंगळीचं नख आतून हळूच फिरवलं. नख अडलं की खड्डा, आणि खड्डा म्हणजे कपाची कड तिथून दाब सोडणार. असा खड्डा कपाच्या वाटेत असता तर त्यांनी किट परत ठेवलं असतं आणि सरळ नवा मास्टर आणायला सांगितलं असतं. घासून चालतं का, मी विचारलं. ॲल्युमिनियमच्या नळीच्या आतल्या पृष्ठावर ॲनोडायझिंगचा एक टणक, पातळ थर दिलेला असतो. पॉलिश पेपरनं घासलं की तो थर जातो, खालचं मऊ ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि नवा कप काही महिन्यांत खराब होतो. नळी चकचकीत दिसते आणि ब्रेक मात्र गेलेला असतो. घासून काम उरकणाऱ्याच्या हाती हा भाग देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी नळी चांगली होती. मग दुखणं कुठे होतं?

त्यांनी डबी तिरपी धरली आणि टाकीच्या तळाशी बोट दाखवलं. तिथे दोन छिद्रं असतात. एक ज्वारीच्या दाण्याएवढं, सहज दिसणारं. दुसरं त्याच्या पुढे, सुईच्या टोकाएवढं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. माझ्या डबीत ते दिसतच नव्हतं. साक्यानं लिंपून गेलं होतं.

या छिद्राचं काम ऐकून मी थक्क झालो. लिव्हर मोकळी असते तेव्हा कपाची कड या छिद्राच्या किंचित मागे थांबलेली असते. म्हणजे खालच्या नळीतला, कॅलिपरमधला सगळा द्रव या सुईएवढ्या वाटेनं वरच्या टाकीशी जोडलेला असतो. आपण लिव्हर ओढली की पहिल्या मिलिमीटरभर सरकण्यातच कड छिद्र ओलांडते. वाट बंद आणि दाब सुरू. लिव्हर सोडली की कड मागे येते, वाट उघडते आणि उरलासुरला दाब शून्यावर येतो. ब्रेक मारून मारून कॅलिपरमधला द्रव तापला आणि फुगला, तर फुगलेला तो थेंबभर द्रवही याच वाटेनं वर निघून जातो.

ती वाट लिंपली गेली तर? द्रव तापतो, फुगतो, जायला जागा नाही. मग तो पॅडनाच ढकलतो. पॅड डिस्कला घासतात, आणखी उष्णता, आणखी फुगणं. लिव्हरला कुणाचा हात नसताना ब्रेक स्वतःच स्वतःला आवळत जातो. निंबाखाली पंधरा मिनिटांत द्रव निवला, आकसला, चाक सुटलं. रस्त्यातलं माझं कोडं असं सुटलं. नुसती शोभेची आखूड लिव्हर लावून पिस्टनला पूर्ण मागे येऊ दिलं नाही, तरी कड छिद्रावरच बसून राहते आणि हेच होतं. लिव्हरला सुरुवातीला जी किंचित सैल हालचाल असते, ती मोडीत काढू नये.

मला आपले तलाव आठवले. या भागात कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव अजून पाणी धरून आहेत. मामा तलाव म्हणतो आपण त्यांना, माजी मालगुजारी तलाव. पाळ कितीही भक्कम घातली तरी जादा पाण्याला सांडवा ठेवल्याशिवाय ती टिकत नाही, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. सांडवा बुजला की पाणी पाळीलाच भिडतं. माझ्या डबीत अर्ध्या मिलिमीटरचा सांडवा बुजला होता.

तो उघडायला मिस्त्रींनी सुई घेतली नाही. विजेच्या जुन्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार सोलून घेतली. पोलादी सुईनं छिद्राच्या कडेला आत खवले उठतात आणि दर वेळी त्यावरून जाणारी रबराची कड त्यानं कापली जाते. तांबं मऊ, ते ॲल्युमिनियमला ओरबाडत नाही. तार चार वेळा आत-बाहेर केली, कॉम्प्रेसरची हवा मारली, डबी आभाळाकडे धरली. मला पाहायला सांगितलं. काळोख्या नळीच्या छतावर एक टाचणीएवढा उजेडाचा ठिपका दिसला. चांदणीसारखा!

जोडणी उलट क्रमानं. नवे कप ताज्या ब्रेक ऑइलात बुडवून घेतले. ग्रीस नाही, इंजिन ऑइल नाही. कपाची तोंडं स्प्रिंगच्या बाजूला, हे दोनदा पाहिलं, कारण उलटा बसलेला कप दिसायला ठीक दिसतो आणि दाब मात्र धरत नाही. आत सारताना कड दुमडू नये म्हणून पिस्टन जरा फिरवत, हलक्या हातानं ढकलला. लॉक खाचेत पूर्ण बसल्याची टिक ऐकली आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं ते चारी बाजूंनी चाचपलं. पोकळ बोल्टाचे तांब्याचे दोन्ही वॉशर नवे घातले, जुने एकदा दबलेले वॉशर पुन्हा नीट बसत नाहीत.

मग टाकीत सीलबंद बाटलीतला ताजा द्रव ओतला आणि मिस्त्री म्हणाले, "आता लिव्हर जराशीच दाबा. एकदम हळू."

दाबली. टाकीच्या तळातून, त्या सुईच्या टोकातून, एक इवलंसं कारंजं उसळलं. द्रवाच्या पृष्ठावर वर्तुळ उमटलं आणि विरलं. कडेनं छिद्र बंद करण्याआधी ढकललेला तो थेंब. वाट मोकळी असल्याचा याहून साधा पुरावा नाही. मी पाच-सहा वेळा पुन्हा पुन्हा दाबून ते पाहिलं आणि मिस्त्रींनी मला पाहू दिलं.

उरलं होतं हवा काढणं. हे काम लोकांना किरकोळ वाटतं, ते तसं नाही. सांगितलेल्या ४७ किलोंच्या दाबाखाली द्रव हजारातले दोन-तीन भागच आकसतो. हवेचा बुडबुडा मात्र त्याच दाबात आपल्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाएवढा होऊन बसतो. म्हणजे नळीत हवा राहिली तर लिव्हरचं बरंचसं सरकणं तिला चेपण्यातच जातं आणि लिव्हर स्पंजासारखी मुठीकडे येते. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या द्रवात बुडवलं. मी लिव्हर दाबून धरायचो, ते निपल उघडायचे, बुडबुडे निघायचे, निपल बंद झाल्यावरच मी लिव्हर सोडायचो. मध्येच वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर वरून हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. पंधरा-वीस वेळा झालं. काळा द्रव तपकिरी झाला, मग पिवळा, मग स्वच्छ. बोटांखालची लिव्हर दगडासारखी टणक झाली आणि सोडताच चाक एका बोटानं गरगर फिरलं.

दिवाळीनंतर इकडे मंडई म्हणजे गावजत्रा सुरू होतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. नाटक संपतं पहाटे. मग गावोगावची माणसं दुचाकीवर दोघं-तिघं बसून, धुक्यातून, झोपाळलेल्या डोळ्यांनी घरी निघतात. रस्त्यावर धानाचे भारे भरलेल्या बैलगाड्या असतात, त्यांना मागे दिवा नसतो. त्या वेळी बोटं आवळली जातील तेव्हा मधे असतो तो एक रबरी ओठ, थोडा द्रव आणि एक छिद्र.

म्हणून ही विनंती. आज गाडीजवळ जाल तेव्हा हँडल सरळ करा आणि मास्टरच्या काचेत पाहा. द्रव खालच्या रेषेच्या वर आहे का आणि त्याचा रंग फिका पिवळा आहे का, एवढंच. काळपट दिसला, किंवा तो कधी बदलला हे आठवत नसेल, तर मंडईचे दिवस लागण्याआधी बदलून घ्या.